इंटरनेटवरील चावडी व संस्थेचें स्वतःचें पान



जमिनीच्या कामांत पहिला प्रश्न असतो तो हा, कीं कागद कोणाच्या नांवें आहे ? बांध कोणी घातला, विहीर कोणी खोदली, पीक कोणी काढलें, हे प्रश्न मागाहून येतात. महसूल खात्यांत कारकुनी करितांना हें नित्य पाहण्यांत आलें. इंटरनेटच्या व्यवहारासही हाच नियम लागू आहे. परंतु तेथें हा प्रश्न विचारण्याची संवय आपल्यांतील थोड्यांसच आहे. सबब प्रस्तुत लेखांत दोन गोष्टींची माहिती देण्याचें योजिलें आहे. पहिली, समोर आलेलें पान कोणाचें आहे हें कसें ओळखावें. व दुसरी, आपल्या संस्थेचें पान कसें तयार करावें आणि तें कोणाच्या नांवें असावें.

हा विषय केवळ तरुण मुलांचा आहे असें कोणी समजूं नये. फेरफाराची नोंद धरली म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १५० अन्वयें तिची प्रत चावडींत लावावी लागते व हितसंबंधितांस नोटीस द्यावी लागते. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. अशा नोटिसा आतां महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ या नांवाच्या पानावरही लागतात. वाळूजचा शेतकरी पुण्यास मुलाकडे राहत असला, तरी आपल्या गटावर कोणती नोंद धरली आहे हें त्यास तेथें बसून पाहतां येतें. जो पाहणार नाहीं, त्याच्यासाठीं मुदत थांबत नाहीं.

इंटरनेट म्हणजे काय ?

निरनिराळ्या ठिकाणचीं यंत्रें एकमेकांस जोडून त्यांच्यामध्यें मजकूर पाठविण्याची जी व्यवस्था, तिला इंटरनेट म्हणतात. तिचा आरंभ अमेरिकेंत सन १९६९ मध्यें कांहीं संशोधन-संस्थांचीं यंत्रें जोडण्यापासून झाला. हिंदुस्थानांत विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनें ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं ही सोय सर्व लोकांसाठीं खुली केली. इंटरनेट हा रस्ता समजावा. त्या रस्त्यानें टपाल जातें, पैसे जातात, चित्रें जातात, आणि आपण ज्यांस ‘पानें’ म्हणतों तींही त्याच रस्त्यानें येतात.

पानांची कल्पना त्या मानानें अलीकडची आहे. जिनीव्हा शहराजवळ सर्न नांवाची पदार्थविज्ञानाची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथील टिम बर्नर्स-ली या गृहस्थांनीं सन १९८९ मध्यें ही योजना मांडली. एका पानावरील शब्दास बोट लावतांच दुसरें पान उघडावें, अशी तिची रचना होती. ता. ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें ही युक्ति सर्व जगास विनामूल्य खुली केली. याचा अर्थ आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. पान तयार करण्यास कोणाचा परवाना लागत नाहीं. चावडीच्या भिंतीवर कागद चिकटविण्यास तरी शिपायाची परवानगी लागते. येथें तीही नको. आणि म्हणूनच लबाड माणसासही पान तयार करणें तितकेंच सोपें आहे.

पान आपल्यापर्यंत कसें येतें ?

मोबाईलवर आपण पत्ता लिहितों. तो पत्ता प्रथम एका मोठ्या नोंदवहीकडे जातो. तींत प्रत्येक नांवापुढें त्या यंत्राचा क्रमांक लिहिलेला असतो. जसें खातेदाराच्या नांवावरून गट क्रमांक सांपडावा, तसें. क्रमांक मिळाला म्हणजे आपली मागणी त्या यंत्राकडे जाते. असें यंत्र रात्रंदिवस चालू असतें व त्यास सर्व्हर म्हणतात. तें आपल्याकडे पानाची नक्कल पाठवितें आणि आपल्या मोबाईलमधील ब्राउझर ती नक्कल वाचून डोळ्यांपुढें मांडतो. मूळ पान सर्व्हरवरच राहतें. दप्तरांतील मूळ कागद न हलवितां नक्कल मिळावी, तसाच हा प्रकार आहे.

जोडणी घेण्याचे मार्ग खेड्यांत मुख्यतः दोन आहेत. एक मोबाईलचा, व दुसरा कांचेच्या तंतूच्या तारेचा. ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याची केंद्र सरकारची योजना सन २०११ मध्यें मंजूर झाली. तिला आतां भारतनेट म्हणतात. पान पाहण्यास मोबाईल पुरेसा आहे. पान तयार करण्यास मात्र संगणक सोयीचा पडतो. त्यास तार नसल्यास मोबाईलचीच जोडणी देतां येते. दुसऱ्याच्या केंद्रावर काम करीत असल्यास काम संपतांच आपल्या खात्यांतून बाहेर पडावें, आणि मोबाईलवर आलेला सांकेतिक अंक दुकानदारास मोठ्यानें वाचून दाखवूं नये. तो अंक म्हणजे कोऱ्या कागदावरील सही होय.

पत्ता कसा वाचावा ?

पानाचा पत्ता अनेक तुकड्यांचा असतो व तुकड्यांच्या मध्यें टिंब असतें. प्रथम दुहेरी तिरप्या रेघेनंतरचा भाग घ्यावा, व पुढें जेथें एकेरी तिरपी रेघ येईल तेथें थांबावें. तेथून मागें, म्हणजे उजवीकडून डावीकडे, वाचीत यावें. मालक कोण हें उजवीकडील तुकड्यांवरून ठरतें. डावीकडे वाटेल तें नांव घालतां येतें. ज्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा होतो, तो पत्ता सरकारी कचेऱ्यांसच मिळतो. महाभूमीचा पत्ता असाच संपतो. नुसतें ‘डॉट इन’, ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ हें मात्र पैसे भरील त्यास मिळतें. तेव्हां पत्त्यांत ‘गव्ह’ हीं अक्षरें कोठें तरी आहेत एवढ्यावर विसंबूं नये. तीं शेवटींच आहेत काय, हें पाहावें.

याचें उदाहरण सौर पंपांचें आहे. केंद्र सरकारची कुसुम योजना सन २०१९ मध्यें मंजूर झाली. लगोलग तिच्या नांवानें खोटीं पानें निघालीं. त्यांवर योजनेचें नांव, पंतप्रधानांचें चित्र व अर्जाचा नमुना, सर्व कांहीं असे, आणि नोंदणीची फी म्हणून शेतकऱ्यांकडून पैसे उकळले जात. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयास याविषयीं वेळोवेळीं जाहीर इशारे द्यावे लागले. हीं पानें दिसण्यांत खऱ्यापेक्षां कमी नव्हतीं. भेद पत्त्यांत होता. कित्येक पानें डॉट ऑर्ग, डॉट इन व डॉट कॉम या शेवटांचीं होतीं.

पत्त्याजवळ कुलुपाचें चित्र दिसतें म्हणून पान खरें, अशीही एक समजूत आहे. ती चुकीची आहे. कुलुपाचा अर्थ इतकाच, कीं आपण व तें यंत्र यांच्यामधील मजकूर वाटेंत कोणी वाचूं शकत नाहीं. लिफाफा बंद आहे. पण तो चोराच्या घरीं चालला आहे कीं कसें, हें लिफाफा सांगत नाहीं. अशा पानावर पैसे गेलेच, तर विलंब न करितां १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

सातबाऱ्याच्या बाबतींतही एक भेद ध्यानांत ठेवावा. महाभूलेखावर जो उतारा फुकट दिसतो, तो केवळ माहितीसाठीं असतो व तसें त्यावर लिहिलेलेंही असतें. कर्जाच्या किंवा कज्जाच्या कामीं डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा. तो १ मे २०१८ पासून मिळूं लागला व त्याची सरकारी फी १५ रुपये ठेवण्यांत आली. फुकटचा छापील उतारा घेऊन बँकेंत गेलेले व तेथून परत पाठविलेले कित्येक शेतकरी मीं पाहिले आहेत. त्यांचा गाडीभाड्याचा खर्च त्या फीहून अधिक झालेला असे.

वारणेचा अनुभव

आतां दुसऱ्या विषयाकडे वळूं. संस्थेनें पान काढण्यापूर्वीं त्याचा उपयोग कोणता, हें ठरविलें पाहिजे. येथें कोल्हापूर जिल्ह्यांतील वारणानगरचा अनुभव विचार करण्याजोगा आहे. तेथें सन १९९८ मध्यें केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणा सहकारी साखर कारखाना यांच्या सहकार्यानें आसपासच्या सुमारें ७० गांवांत संगणक-केंद्रें काढण्यांत आलीं. बाजारभाव, पिकांची माहिती, सरकारी दाखले, असें पुष्कळ कांहीं त्यांतून मिळावें असा हेतु होता. प्रत्यक्षांत शेतकऱ्यानें केंद्राचा उपयोग केला तो मुख्यतः उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, खताचा हिशोब व बिल, एवढ्यांपुरता. यंत्रें जुनीं झालीं, जोडणी रखडूं लागली. पुढें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बंगळूर येथील संशोधन शाखेनें सात गांवांत संगणकाऐवजीं साध्या मोबाईलच्या संदेशानें हीच माहिती देऊन पाहिली, व ती पद्धत स्वस्त आणि सोयीची ठरली.

यावरून संगणक निरुपयोगी ठरला असें म्हणतां येणार नाहीं. माझें वजन किती व पैसे केव्हां, हा प्रश्न ज्या ठिकाणीं सुटला तेथें शेतकरी गेला. बाकीच्या शोभेकडे त्यानें पाहिलें नाहीं. आपलें पानही असेंच असावें. चार ओळी उपयोगाच्या असल्या तर लोक पुनः येतील. फुलांचीं चित्रें व पदाधिकाऱ्यांचे फोटो यांसाठीं कोणी दुसऱ्यांदा येत नाहीं.

पान तयार करण्याची रीत

पान म्हणजे साध्या मजकुराची एक फाईल असते. त्या मजकुरांत जागोजागीं खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, व त्या चिठ्ठ्या वाचून ब्राउझर मांडणी करितो. या रीतीस एचटीएमएल म्हणतात. ती शिकण्यास मोठी विद्या लागत नाहीं. गांव-नमुन्याचे रकाने ज्यानें भरले त्यास ती एका आठवड्यांत येईल.

प्रत्येक चिठ्ठी कोनी कंसांत लिहावी. मथळ्यासाठीं ‘एच’ हें अक्षर व १ हा अंक, परिच्छेदासाठीं ‘पी’ हें अक्षर, दुसऱ्या पानाशीं जोडण्यासाठीं ‘ए’ हें अक्षर, अशा त्या खुणा आहेत. मजकूर जेथें संपेल तेथें तीच चिठ्ठी आंत तिरपी रेघ घालून पुनः लावावी, म्हणजे ती बंद होते. चिठ्ठी उघडून बंद न करणें ही नवशिक्याची नेहमींची चूक होय. त्यामुळें सर्व पानच मथळ्यासारखें मोठ्या अक्षरांत दिसूं लागतें. चिठ्ठ्यांतील अक्षरें व अंक इंग्रजी लिपींत टंकावे. मधला मजकूर खुशाल मराठींत असावा.

सबंध पानाचे दोन भाग असतात. वरच्या भागास ‘हेड’ म्हणतात. त्यांत पानाचें नांव व यंत्रासाठीं सूचना असतात. खालच्या भागास ‘बॉडी’ म्हणतात. वाचकास दिसणारा मजकूर तेथें असतो. वरच्या भागांत दोन सूचना अवश्य द्याव्या. एक, अक्षरें यूटीएफ-८ पद्धतीचीं आहेत ही. नाहींतर मराठीच्या जागीं चौकोन व वेडींवांकडीं चिन्हें दिसतात. दुसरी, पानाची रुंदी मोबाईलच्या पडद्याइतकी असावी ही. कारण आपले बहुतेक वाचक मोबाईलवरच वाचणार. पहिल्या पानाच्या फाईलीचें नांव ‘इंडेक्स’ ठेवून त्यापुढें टिंब व ‘एचटीएमएल’ असें लिहिण्याचा प्रघात आहे.

मराठी टंकलेखनाविषयीं एक सूचना. पुष्कळ कचेऱ्यांत व छापखान्यांत अद्याप जुन्या पद्धतीचे टंक वापरतात. त्यांत इंग्रजी अक्षरालाच मराठी रूप दिलेलें असतें. तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला कीं निरर्थक होतो. युनिकोड या जागतिक पद्धतींत सन १९९१ पासून देवनागरीस स्वतःची जागा आहे. मोबाईलवर आपण जें मराठी लिहितों तें युनिकोडच असतें. पानाचा मजकूर त्याच पद्धतीनें लिहावा, म्हणजे तो सर्वत्र वाचतां येईल व शोधणारासही सांपडेल.

छायाचित्र घालावयाचें तर लहान करून घालावें. मोबाईलनें काढलेलें चित्र तीन-चार मेगाबाइटचें असतें. तें दीडशें-दोनशें किलोबाइटपर्यंत आणावें. शेतांत उभें राहून मंद जोडणीवर पाहणारा माणूस मोठें चित्र उतरण्याची वाट पाहत नाहीं.

फाईल तयार झाली म्हणजे ती आपल्याच संगणकावर उघडून पाहावी. येथपर्यंत खर्च कांहीं नाहीं. परंतु पानही अद्याप आपल्याच घरांत आहे. तें जगास दिसावें यासाठीं दोन गोष्टी लागतात : सर्व्हरवर जागा, व पत्ता. जागा भाड्यानें मिळते. पत्त्याची नोंदणी वर्षाच्या करारानें होते. साध्या पत्त्यास वर्षाकाठीं हजार रुपयांच्या आंतबाहेर खर्च येतो. फुकट पान देणाऱ्याही कंपन्या आहेत व शिकण्यास त्या ठीक आहेत. परंतु तेथें पत्ता त्यांच्या नांवाचा असतो, आपण केवळ त्यांच्या जागेंत बसलेले असतों. सन २०१४ पासून ‘डॉट भारत’ असा देवनागरी पत्ताही मिळूं लागला आहे. तो घेण्यास हरकत नाहीं. मात्र कांहीं ठिकाणचे अर्ज व टपालव्यवस्था तो अद्याप स्वीकारीत नाहींत, म्हणून जोडीस इंग्रजी पत्ताही ठेवावा.

पत्ता कोणाच्या नांवें ?

या लेखांतील मुख्य मुद्दा हा आहे. फार करून असें होतें, कीं संस्था शहरांतील एखाद्या कारागिरास ठोक रक्कम देऊन सर्व काम सोंपविते. तो स्वतःच्या नांवें पत्ता नोंदवितो, स्वतःचा मोबाईल व ई-मेल देतो, आणि पान चालू करून देतो. पैसे संस्थेचे, मजकूर संस्थेचा. पण नोंद दुसऱ्याची. खरेदीची रक्कम आपण द्यावी व फेरफार मध्यस्थाच्या नांवें व्हावा, तसाच हा प्रकार. पुढें कारागीर धंदा सोडतो किंवा जास्त पैसे मागतो, तेव्हां संस्थेजवळ दाखविण्यास कांहींच नसतें.

दुसरें, पत्त्याची वार्षिक फी शेतसाऱ्यासारखी मुदतींत भरावी लागते. मुदत टळल्यावर कांहीं दिवसांची सवलत असते. तीही गेली कीं पत्ता कोणासही घेतां येतो. संस्थेच्या नांवाच्या त्या पत्त्यावर मग परका मनुष्य वाटेल तें पान लावूं शकतो, आणि जुने सभासद विश्वासानें तेथेंच जातात. वर सांगितलेल्या खोट्या पानांसाठीं याहून सोयीची जागा नाहीं.

सबब कारागिरास शेवटचा हप्ता देण्यापूर्वीं पुढील गोष्टी लेखी घ्याव्या. पत्त्याच्या नोंदींत मालक म्हणून संस्थेचें नांव असावें. नोंदीचा ई-मेल संस्थेचा असावा, चिटणिसाचा खासगी नसावा; कारण चिटणीस बदलतात. नोंदणी-खात्याचें नांव व गुप्त शब्द दोघां पदाधिकाऱ्यांकडे बंद पाकिटांत असावे. पानाच्या सर्व फाइलींची एक प्रत संस्थेच्या दप्तरीं असावी. फी भरण्याची तारीख इतिवृत्तांत लिहावी व लेखापरीक्षणाच्या वेळीं ती पावती मागावी.

पानावर काय असावें ?

वाळूजची स्थिति इतर खेड्यांहून निराळी आहे. येथील पुष्कळ जमीन औद्योगिक वसाहतींत गेली, व बजाज ऑटोचा कारखाना सन १९८५ पासून येथें आहे. शेत उरलें थोडें, पण खाणारें तोंड शेजारीं आलें. बजाजनगरांत व आसपास कामगारांचीं मोठी वस्ती आहे. तिला रोज भाजी, धान्य, दूध लागतें. आमचा माल मात्र आधीं शहराच्या बाजारांत जातो व तेथून दोन हात फिरून त्याच वस्तींत परत येतो. संस्थेच्या पानावर या आठवड्यांत कोणता माल, किती, कोणत्या दरानें व कोणत्या ठिकाणीं मिळेल, एवढें जरी नेमानें लिहिलें, तरी त्यांतील कांहीं माल थेट विकला जाईल. गंगापूर तालुक्यांतील कांदा, मका, आलें यांच्या मोठ्या खरेदीदारासही गांवचा एकत्रित माल किती हें एका ठिकाणीं दिसेल.

प्रत्येक मजकुराखालीं तारीख घालावी. तारीख नसलेला दर हा दर नव्हे. संस्थेचा दूरध्वनि द्यावा. सभासदांचे आधार क्रमांक, बँकेचीं पुस्तकें, स्वाक्षऱ्या किंवा कर्जाच्या याद्या कदापि लावूं नयेत. चावडीवरचा कागद गांव वाचतें. हा कागद जग वाचतें, आणि एकदां नक्कल घेतली गेली कीं काढून टाकल्यानेंही ती नाहींशी होत नाहीं.

ज्यांस पान काढणें तूर्त शक्य नाहीं, त्यांनीं निदान पहिलें काम करावें. महिन्यांतून दोन वेळां, म्हणजे पंधरा दिवसांच्या मुदतीच्या आंत, ‘आपली चावडी’ उघडून आपल्या गांवच्या नोटिसा वाचाव्या, व गांवांतील ज्या वृद्ध खातेदारांस वाचतां येत नाहीं त्यांस वाचून दाखवाव्या. आपल्या गटाची नोंद दिसल्यास त्याच दिवशीं तलाठ्यांस, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांस, भेटावें व हरकत असल्यास ती लेखी देऊन पोंच घ्यावी. आणि ज्या संस्थांचें पान आधींच चालू आहे, त्यांनीं येत्या मासिक सभेंत एवढाच प्रश्न विचारावा, कीं आपला पत्ता नोंदींत कोणाच्या नांवें आहे.